द्राक्षवेलीने पाठ फिरवलेला किनारा

ऱ्होन नदीच्या मुखापासून स्पेनच्या सरहद्दीपर्यंत फ्रान्सचा जो भूमध्यसागरी किनारा पसरला आहे, तो लांगदोक आणि रूसियों या दोन जुन्या प्रांतांचा. दर उन्हाळ्यात इथे लाखो माणसे सुट्टीला येतात. सकाळी समुद्रात डुंबायचे, दुपारी तो नावाच्या खाजणाच्या काठावर कालवे खायची आणि सोबत तिथल्याच पिकपूल द्राक्षांची थंड पांढरी वाइन घ्यायची, ऊन उतरले की वेलींच्या रांगांमधून चक्कर मारायची. हे सगळे इतके एकजीव वाटते की ऊन, समुद्र आणि द्राक्ष इथे पहिल्यापासून गुण्यागोविंदाने नांदत असणार, असे कुणालाही वाटावे. पर्यटनाच्या माहितीपत्रकांतही तोच समज जोपासलेला असतो. इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही. या मुलखाची सुट्टी द्राक्षाच्या भरभराटीतून आलेली नाही, ती द्राक्षाच्या दुखण्यातून आली, असे माझे म्हणणे आहे. वेलीने माणसे आणि पैसा आत ओढून घेतला म्हणून किनारा रिकामा राहिला. वेलीवरचे संकट हटेना तेव्हा सरकारने त्या रिकाम्या किनाऱ्यावर सुट्टीची शहरे उभी केली. आणि समुद्र व वाइन यांची आज जी जोडी दिसते ती जमली, तोवर या प्रदेशातल्या द्राक्षबागांना ओहोटी लागलेली होती.

आधी या किनाऱ्याची ठेवण पाहायला हवी. रिव्हिएराला डोंगर थेट समुद्रात उतरतात, तसे इथे नाही. इथे सपाट वाळूचा लांबच लांब दांडा, त्याच्या आत उथळ खाऱ्या पाण्याची खाजणे, त्याच्याही आत दलदल, आणि मग कुठे शेतीची जमीन. नारबोन, बेझिए, माँपेलिए ही जुनी शहरे सगळी समुद्रापासून काही अंतर राखून वसलेली आहेत. खाजणांच्या काठी डासांचे राज्य होते आणि डासांमागून हिवताप येत असे. अठराव्या शतकात आजारी, सुखवस्तू इंग्रज माणसे या बाजूला येत, पण ती माँपेलिएच्या वैद्यांकडे आणि हिवाळ्यात. टोबायस स्मॉलेट 1763 मध्ये येऊन गेला, लॉरेन्स स्टर्नने 1763-64 चा हिवाळा तिथेच काढला. दोघेही लेखक, दोघेही प्रकृतीने खंगलेले. समुद्रकिनारा त्यांच्या हिशेबात नव्हता. पुढे ही हवापालट करणारी मंडळी पूर्वेकडे नीसला वळली. लांगदोकच्या वाट्याला आलेली श्रीमंत पाहुण्यांची पहिली लाट अशी शहरातूनच परत गेली.

यावर पहिला आक्षेप रोमन काळाचा दाखला देऊन घेता येईल. नारबोन ही रोमनांनी इसवी सनपूर्व 118 मध्ये वसवलेली वसाहत, आणि तिची ख्याती बंदर म्हणून होती. जवळच्या सालेल-दोद इथे कुंभारांच्या मोठमोठ्या भट्ट्या उत्खननात सापडल्या आहेत. वाइन भरून बाहेर पाठवायच्या मातीच्या रांजणांचे उत्पादन तिथे होत असे. पुढे 1666 मध्ये सेत बंदराची पायाभरणी झाली आणि त्याच सुमारास बेझिएच्या प्येर-पॉल रिके याने अटलांटिककडच्या नद्यांना भूमध्य समुद्राशी जोडणारा कालवा खोदायला घेतला. 1681 मध्ये तो खुला झाला आणि वाइनची पिंपे त्यावरून वाहू लागली. मग द्राक्ष आणि समुद्र यांचे नाते दोन हजार वर्षांचे नाही का? आहे, पण ते नाते मालाचे आहे. समुद्र हा पिंपे न्यायचा रस्ता होता आणि त्या रस्त्यावर सेतसारखे एखाददुसरेच दार होते. दोन दारांमधला जो शेकडो चौरस किलोमीटर वाळू-पाण्याचा पट्टा, तिथे मीठ पिकवणारे, कोळी आणि बोरू-वेत कापणारे सोडले तर कुणाचे काही काम नव्हते. रांजण समुद्रावरून गेले म्हणून माणसे समुद्रावर रमली असे म्हणता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेल्वे आली आणि या प्रदेशाचे रूप पार पालटले. उत्तरेकडच्या कारखान्यांतल्या आणि खाणींतल्या कामगारांना स्वस्त, रोजच्या पिण्याची तांबडी वाइन हवी होती. ती लांगदोकने पुरवायची असे जणू ठरूनच गेले. गहू गेला, ऑलिव्ह हटले, मेंढ्यांची कुरणे नांगरली गेली, आणि जिकडे तिकडे आरामों नावाची द्राक्षाची जात लागली. आरामोंचे उत्पन्न भरमसाट, पण रस फिका. तो गडद दिसावा म्हणून माँपेलिएजवळच्या मोगियो गावात बूशे पितापुत्रांनी ज्यांचा गरच लाल असतो अशा द्राक्षांशी संकर केले. मुलाने, आँरी बूशेने, सिद्ध केलेली आलिकांत बूशे ही जात पुढे जगभर गेली. मोगियोचे नाव वाचकाने लक्षात ठेवावे, कारण या गावाच्या शिवाराशी पुन्हा गाठ पडणार आहे.

मग फायलोक्सेरा आला. 1863 च्या सुमारास ऱ्होनकाठच्या गार जिल्ह्यात वेली कारण कळायच्या आत वाळू लागल्या. 1868 मध्ये माँपेलिएच्या झ्यूल-एमिल प्लाँशों या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी उपटलेल्या मुळांवर भिंग धरले तेव्हा पिवळसर, मावावर्गातली बारीक कीड दिसली. ती अमेरिकेहून आलेल्या रोपांबरोबर आलेली होती. 1875 मध्ये फ्रान्सभरात 840 लाख हेक्टोलिटर वाइन झाली होती, 1889 मध्ये ती 230 लाखांच्या आसपास घसरली. इलाजही अमेरिकेकडूनच आला: तिकडच्या रानद्राक्षांची मुळे ही कीड सोसतात, म्हणून त्या खुंटावर युरोपी डोळा बांधायचा. खुंटावर कलम करण्याची ही पद्धत आज जगभरच्या द्राक्षशेतीचा पाया आहे. नाशिक-सांगलीचा बागायतदार क्षार आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून ज्या डॉगरिजवर कलम करतो, तोही अमेरिकी रानद्राक्षांतून निवडलेलाच खुंट.

खुंटाचा उपाय सर्वत्र पोचेपर्यंत आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि माझ्या विषयाला ती फार जवळची आहे. निव्वळ वाळूत ही कीड जगत नाही. जमिनीत भेगा आणि पोकळ्या असल्या तर ती मुळापासून मुळापर्यंत फिरते, सुटी वाळू तिला वाट देत नाही. म्हणून आजवर कवडीमोल असलेली समुद्रकाठची वाळू एकाएकी मोलाची ठरली. एग-मोर्तजवळ मिठागरे चालवणाऱ्या कंपनीने खाजण आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यावर शेकडो हेक्टर वेली लावल्या. इतरांनी डोंगरउतारावरच्या जुन्या, कमी पण कसदार उत्पन्नाच्या बागा सोडून सपाटीवर बस्तान हलवले, कारण तिथे हिवाळ्यात दीडेक महिना शेत पाण्याखाली बुडवून कीड मारता येई. म्हणजे वेल समुद्राच्या काठाशी पोचली ती मुळाखालच्या किडीला चुकवत. तिच्या मागून सहलकरू आले नाहीत. मजुरांच्या टोळ्या आल्या, सप्टेंबरात तोडणी करून निघून गेल्या. बागमालकांनी मिळालेल्या पैशातून बेझिए आणि नारबोनच्या भोवती मनोऱ्यांच्या थाटामाटाच्या हवेल्या बांधल्या. त्या मळ्यांमध्ये उभ्या आहेत, वाळूवर नाहीत. ज्याच्याकडे पैसा होता त्याला समुद्रकाठी घर असावे असे वाटले नाही, यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा?

सपाटीवर नव्याने लावलेल्या या बागांनी वाइनचा पूर आणला. त्यात उत्तरेकडच्या बीटसाखरेचे पाणी घालून केलेली बनावट वाइन आणि अल्जीरियाहून बोटींनी येणारा माल यांची भर पडली. भाव कोसळले. 11 मार्च 1907 रोजी आर्झलिए गावातले 87 बागायतदार आणि शेतमजूर सरकारी चौकशी समितीपुढे गाऱ्हाणे मांडायला पायी नारबोनला गेले. त्यांच्या पुढे होता गावात कॅफे चालवणारा मार्सलाँ आल्बेर. मेपासून दर रविवारी एका शहरात सभा भरू लागली आणि गर्दी आठवड्यागणिक फुगत गेली. 9 जूनला माँपेलिएत 5 लाखांच्या वर माणसे जमली. मालक आणि मजूर, पाद्री आणि समाजवादी, सगळे एकाच रांगेत. पंतप्रधान क्लेमाँसोच्या सरकारने सैन्य धाडले. 19 आणि 20 जूनला नारबोनमध्ये गोळीबार होऊन सहा माणसे मेली. ज्या पलटणीत याच लोकांच्या घरची पोरे होती त्या 17 व्या पायदळ रेजिमेंटने बंड केले आणि शिपाई आग्दहून चालत बेझिएला जाऊन लोकांत मिसळले. महिनाअखेरीस भेसळीविरुद्धचा कायदा झाला. एका पिकाच्या भावाखातर सैन्यापर्यंत गोष्ट गेली याचा अर्थ उघड आहे. या प्रदेशाजवळ जगायला दुसरे काही उरले नव्हते.

1907 नंतरची पन्नास वर्षे हा एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हांनी सोडवण्यात गेली. मारोसाँ इथे 1901 मध्ये छोट्या बागायतदारांनी सहकारी संस्था काढली होती, 1905 मध्ये तिने स्वतःचा गाळपखाना बांधला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावोगावी असे सहकारी गाळपखाने उभे राहिले. सहकारी साखर कारखान्याभोवती पश्चिम महाराष्ट्रातली गावे फिरली तशीच लांगदोकची गावे त्या उंच सिमेंटी इमारतींभोवती फिरली: तीच निवडणूक, तोच हंगाम, तोच सभासदत्वाचा अभिमान, आणि माल किती यावर लक्ष, कसा यावर कमी. 1931 पासून सरकारने नव्या लागवडीवर बंधने घातली, जादा वाइन सक्तीने ऊर्ध्वपातनाला धाडली. तरी जादा वाइनचे तळे भरतच राहिले. 1955 मध्ये फिलिप लामूर यांच्या पुढाकाराने ऱ्होनचे पाणी कालव्याने लांगदोकला आणणारी राष्ट्रीय कंपनी स्थापन झाली, आणि हेतू जाहीर होता: पाणी मिळाले की शेतकरी वेल उपटून सफरचंद, पीच आणि भाजीपाला लावतील. अनेकांनी लावलाही. पण बहुतेकांना वेल सोडवेना. वेल हे नुसते पीक नव्हते. गावातली पत, लग्नसंबंध, मतदान, सगळे तिच्याभोवती विणलेले होते. इकडे 1960 च्या सुमारास माणशी वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाइन पिणारा फ्रेंच माणूस हळूहळू कमी पिऊ लागला होता. पॅरिसमधल्या नियोजनकर्त्यांना एक गोष्ट कळून चुकली होती, की या प्रदेशाला द्राक्षाखेरीज दुसरा पाय द्यायला हवा.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. सरकार येण्याआधी लांगदोकचे लोक समुद्रावर जात नव्हते, हे खरे नाही. माँपेलिए ते पालावास ही छोटी रेल्वे 1872 पासून 1968 पर्यंत चालली, रविवारी तिचे डबे ओसंडत, आणि अल्बेर द्यूबू या व्यंगचित्रकाराने तिला फ्रान्सभर प्रसिद्ध केले. वाल्रासला बेझिएकर जात, ग्रुईसाँच्या वाळूवर नारबोनच्या कुटुंबांनी लाकडी खांबांवर उचललेली घरे बांधली होती, म्हणजे वाळूवर चढून आलेले समुद्राचे पाणी खालून निघून जावे. वेलीच्या वेळापत्रकातही याला जागा होती. जुलैअखेर गंधक आणि मोरचूद-चुन्याची शेवटची फवारणी आटोपली की तोडणीपर्यंत बागेत फारसे काम नसे. बायकापोरांना घेऊन, गाढवगाडीत गाद्या आणि भांडी घालून, पंधरवडाभर बोरूच्या झोपडीत राहायला जाण्याचा रिवाज अनेक गावांत होता. हे सगळे मला मान्य आहे, आणि या झोपड्यांबद्दल इतिहासकारांनी जितके लिहायला हवे होते तितके लिहिलेले नाही असेही वाटते. पण या सुट्टीचे स्वरूप पाहावे. ती घरच्याच माणसांची, पंधरा-वीस किलोमीटरवरून आलेल्यांची, जवळजवळ बिनपैशाची होती. तीतून रोजगार निघत नव्हता, जमिनीला भाव येत नव्हता, वाइन तर घरून भरून नेलेली असे. आणि ती टिकून होती ती किनारा कुणाच्या डोळ्यांवर आलेला नव्हता म्हणूनच. पुढे नव्या शहरांसाठी जागा करताना अशा कित्येक झोपड्या हटवल्या गेल्या.

18 जून 1963 च्या हुकमाने लांगदोक-रूसियोंच्या किनाऱ्याच्या पर्यटनविकासासाठी एक आंतरमंत्रालयीन मंडळ नेमले गेले. अध्यक्ष प्येर रासीन, मुरलेले सनदी अधिकारी. फ्रेंच माणसे या मंडळाला रासीन मिशन म्हणूनच ओळखतात. तयारी आधीपासून गुपचूप चालू होती. सट्टेबाजांना सुगावा लागू नये म्हणून सरकारने मध्यस्थांकरवी हजारभर हेक्टर जमीन विकत घेतली, आणि बातमी फुटायच्या वेळी 1962 च्या कायद्याखाली हजारो हेक्टरांवर पहिल्या खरेदीचा हक्क राखून ठेवला. जमीन स्वस्तात मिळाली, कारण वाळूतल्या वेलींचे काही पट्टे सोडले तर तिच्याकडे कुणी पाहिलेच नव्हते. वेलीने रिकामा ठेवलेला किनारा असा सरकारच्या पथ्यावर पडला. डासांविरुद्ध लढण्यासाठी 1958 मध्येच जिल्ह्यांनी मिळून संस्था काढली होती. तिने दलदली उपसल्या, पाण्याचे निचरे बदलले, विमानांतून औषधे फवारली. रस्ते, पाणी, बंदरे आणि वृक्षलागवड सरकारने केली, जिल्ह्यांच्या निमसरकारी कंपन्यांनी भूखंड पाडले, घरे खाजगी बिल्डरांनी बांधली. आराखड्यात एक गोष्ट ठामपणे होती: बांधकाम काही ठरावीक ठिकाणी दाट होईल आणि दोन ठिकाणांच्या मध्ये किनारा मोकळा राहील. नव्या शहरांपैकी ला ग्रांद-मोत आणि पोर कामार्ग वास्तुविशारद झाँ बालादूरने रचले, काप दाग्द झाँ ल कूतरने, लकात-बार्कारेस झोर्झ कांदिलिसने.

ला ग्रांद-मोत जवळून पाहण्यासारखे आहे. बालादूर मेक्सिकोत तेओतिवाकानचे पिरॅमिड पाहून आला होता, आणि त्याला या सपाट, वारा झोडपणाऱ्या वाळूवर नजर अडेल असे काहीतरी हवे होते. त्याने इमारती पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळत्या नेल्या. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा मागे सरकलेला, त्यामुळे प्रत्येक घराला उघडी गच्ची आणि समुद्राचे दर्शन. दर्शनी भागावर काँक्रीटच्या नक्षीदार जाळ्या, ज्यातून दुपारचे ऊन गाळून आत येते. सगळ्यांत उंच पिरॅमिडची रेषा क्षितिजावरच्या पिक साँ-लू या डोंगराला जबाब देते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस पहिल्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा पॅरिसच्या टीकाकारांनी नाके मुरडली. 2010 मध्ये या गावाला विसाव्या शतकाचा वारसा म्हणून सरकारी मानचिन्ह मिळाले. 1974 पर्यंत ते स्वतंत्र गावही नव्हते. ते ज्या गावाच्या हद्दीतून कापून काढले ते गाव म्हणजे मोगियो. जिथे बूशे पितापुत्रांनी फिक्या वाइनला रंग देणारी द्राक्षे घडवली, त्याच शिवारात, त्या द्राक्षांनी आणलेल्या पुराला पर्याय म्हणून, सुट्टीचे शहर वसले. माझ्या म्हणण्याचा याहून चांगला पुरावा नकाशावर दुसरीकडे मला सापडत नाही.

तिसरा आक्षेप असा: रासीन मिशनचा वाइनशी काय संबंध? खरी चिंता स्पेनची होती. पगारी रजा 1936 मध्ये दोन आठवड्यांची होती, 1956 मध्ये तीन आठवड्यांची झाली, गाड्या घरोघरी आल्या, आणि फ्रेंच व जर्मन कुटुंबे लांगदोकमधून सुसाट निघून कोस्ता ब्रावावर पैसे उधळू लागली. तो पैसा देशात अडवायचा होता. हे कारण खरेच होते आणि मोठे होते. पण त्याने इतकेच समजते की फ्रान्सला नवा किनारा का हवा होता. हाच किनारा का, आणि त्यावर सरकारने इतका खर्च का केला, हे त्याने समजत नाही. त्याचे उत्तर 1907 पासून धगधगणाऱ्या, एका पिकावर टांगलेल्या प्रदेशात आहे. 1962 मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर तिथून निघालेली हजारो फ्रेंच कुटुंबे याच भागात येऊन वसू लागली होती, त्यांनाही काम हवे होते. लामूरचा कालवा आणि रासीनची शहरे या एकाच विचाराच्या दोन शाखा होत्या.

बागायतदारांनी ते बरोबर ओळखले, आणि त्यांना ते रुचले नाही. 1970 च्या दशकात भिंतींवर ऑक्सितान भाषेत घोषणा रंगल्या होत्या: आम्हाला आपल्याच मुलखात जगायचे आहे. युरोपने पाठ भाजून घ्यायची जागा म्हणून आमचा देश विकला जातोय, अशी बोचरी भाषा सभांतून ऐकू येई. 1970 मध्ये युरोपची सामाईक वाइन बाजारपेठ सुरू झाली आणि इटलीची स्वस्त वाइन सेत बंदरात उतरू लागली. टँकर फोडले गेले, रस्ते अडवले गेले. 4 मार्च 1976 रोजी कॉर्बिएर या डोंगराळ भागातल्या मोंत्रदों इथे गोळीबारात एक बागायतदार आणि एक पोलीस अधिकारी असे दोघे मेले. तोवर ला ग्रांद-मोत भरभरून वाहत होते. अवघ्या काही मैलांवर दोन लांगदोक होते आणि त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. सुट्टीला आलेला माणूस वाइन पीत असे, पण ती कुठल्या बागेची हे विचारत नसे, आणि सहकारी गाळपखाना आपली वाइन टँकरने घाऊक व्यापाऱ्याला देत असे. ऊन, समुद्र आणि द्राक्ष यांचे ते गोजिरे चित्र तेव्हा कुणीच काढू शकले नसते.

ते चित्र निघाले त्यानंतर, आणि त्याची किंमत मोठी होती. युरोपीय अनुदानाने वेली उपटायला सुरुवात झाली. 1970 च्या सुरुवातीला चार लाख हेक्टरांच्या वर असलेले लांगदोक-रूसियोंचे द्राक्षक्षेत्र आज जेमतेम निम्म्यावर आले आहे. राहिले ते बहुतांशी डोंगरउतारावरचे, कमी उत्पन्नाचे, चांगल्या वाइनचे. ज्या उतारांवरून फायलोक्सेराच्या काळात वेल खाली आली होती, तिथे ती परत चढली. फितूच्या वाइनला 1948 मध्येच मूळस्थानाचे मानांकन मिळाले होते, नंतर 1985 मध्ये कोतो द्यू लांगदोकला मिळाले, 2013 मध्ये पिकपूल द पिनेला, 2015 मध्ये नारबोनच्या किनाऱ्यावरल्या ला क्लापला. बागेच्या दारातच बाटली विकायची सोय झाली, आणि तेव्हा कुठे समुद्रावरचा पाहुणा गाडी काढून आत वळला. काही अभ्यासक यावरून म्हणतात की पर्यटनाने द्राक्षाला वाचवले. छोट्या, नावाजलेल्या बागांपुरते मी हे मान्य करतो. त्यांच्यासाठी जुलै-ऑगस्टची दारावरची विक्री म्हणजे वर्षाचा मोठा आधार. पण प्रदेशातला बहुतेक माल आजही सहकारी संस्था आणि घाऊक बाजार यांच्यामार्फतच जातो, आणि तो भाव समुद्रावरच्या छत्र्या मोजून ठरत नाही. सुट्टीने वेलीला ग्राहक दिला, पण वेलीची जागा काही भरून काढली नाही.

हा हिशेब आता आणखी तातडीचा झाला आहे. 28 जून 2019 रोजी एरो जिल्ह्यातल्या वेरार्ग गावी 46 अंश तापमान नोंदले गेले. फ्रान्समध्ये आजवर नोंदलेले ते सर्वाधिक. त्या दिवशी आसपासच्या बागांमधली पाने आणि कोवळे घड आगीची झळ लागावी तसे करपले. तोडणी पन्नास वर्षांत दोन ते तीन आठवडे अलीकडे सरकली आहे. रूसियोंच्या काही बागांत ऑगस्टच्या पहिल्या दिवसांतच मस्कॅट द्राक्षांचे घड उतरवतात, आणि उन्हाने रस आंबू नये म्हणून यंत्रे रात्री दिवे लावून चालतात. जुन्या बागायतदाराला समुद्रावर नेणारा तो ऑगस्टचा रिकामा पंधरवडा असा नाहीसा झाला. ऱ्होनच्या ज्या पाण्याने वेल हटवायची होती, त्याच पाण्यावर आता किनाऱ्यावरची सुट्टीची गावे अवलंबून आहेत, आणि त्याच्याच वाढवलेल्या जलवाहिनीवर पश्चिमेकडच्या बागा ठिबक लावून आहेत. एका नळावर दोघेही, आणि दोघांची तहान एकाच महिन्यात. ऑगस्ट 2025 मध्ये कॉर्बिएरमध्ये 16,000 हेक्टरांच्या आसपास जंगल-माळ जळाला. तेव्हा पुष्कळांनी बोट दाखवले ते उपटलेल्या बागांकडे. नांगरलेल्या, हिरव्या वेलींचे पट्टे आग अडवतात. ते गेले आणि त्यांच्या जागी वाळलेले झुडूप आले.

वाळूच्या दांड्यावर, सेत आणि आग्दच्या मध्ये, मार्सेयाँच्या समुद्रकाठी व्हासाल नावाचे एक ठिकाण आहे. फायलोक्सेराच्या धाकाने 1876 मध्ये माँपेलिएच्या शेतकी विद्यालयात द्राक्षजातींचा जो संग्रह सुरू झाला, तो 1949 मध्ये इथे आणला गेला, कारण वाळूत कीड येत नाही. हजारो वेली, जगभरातल्या अडीच हजारांहून अधिक जाती, बहुतेक आपल्याच मुळांवर, खुंटाशिवाय उभ्या. आता समुद्र त्या दांड्याकडे सरकतो आहे, खारे पाणी खालून चढते आहे, आणि संग्रह आत, ग्रुईसाँजवळच्या पेक रूज संशोधन केंद्रात हलवण्याचे ठरले. ते काम एका हंगामात होणारे नाही. काडी कापायची, रोगमुक्त आहे का तपासायची, आणि तिकडे निव्वळ वाळूचे संरक्षण नसल्यामुळे खुंटावर बांधायची, एकेक जात करत. याच दांड्यावर मार्सेयाँ आणि सेतमधला किनारा वाचवण्यासाठी मोटाररस्ता वाळूवरून उचलून आत नेला गेला आहे, पुळणीवर पुन्हा वाळू टाकली गेली आहे. पाहुण्यांची पुळण राखायला पैसा मिळाला तो सुट्टीच्या उत्पन्नाच्या जोरावर. व्हासालच्या वेलींसाठी संशोधकांना वर्षानुवर्षे अर्ज, निवेदने आणि सह्यांच्या मोहिमा कराव्या लागल्या. खर्चाच्या या दोन ओळी एकाच खात्यात मांडायची वेळ लांगदोकवर आली आहे, आणि ती मांडणी पर्यटन विभागाने एकट्याने करून भागणार नाही. बागायतदाराला तिथे खुर्ची हवी, कारण ज्या वाळूवर छत्र्या उभ्या राहतात तिची किंमत पहिल्यांदा त्याच्या पणज्याला कळली होती.